भाड्याचे बिऱ्हाड आणि मुका सोबती

अमेरिकेत भाड्याने जागा घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे जो छापील करारनामा ठेवला जातो, त्यात पुष्कळदा कोठेतरी एक लहानसे वाक्य असते : या जागेत पाळीव जनावर ठेवता येणार नाही. वाक्य लहान खरे. पण ते वाचून सहीसाठी उचललेली लेखणी कित्येकांच्या हातात थबकली आहे. ज्याच्या घरी मांजर वा कुत्रे आहे, त्याला पूर्वी तीनच वाटा मोकळ्या होत्या. दुसरी जागा शोधावी, त्या जिवाला कोणाच्या तरी पदरी टाकावे, किंवा सही करून त्याला चोरून ठेवावे. चौथी वाट गेल्या चार-पाच दशकांत हळूहळू निघाली. भाडेकरू मालकाला लेखी कळवितो की, हे जनावर हौसेसाठी पाळलेले नाही. आपले मन आजारी आहे, आणि या जनावराच्या सोबतीने ते सावरून राहते. त्याबद्दल वैद्याचे पत्र सोबत जोडले आहे. असे पत्र खरे असेल, तर बहुतेक प्रसंगी मालकाला आपली छापील अट बाजूला ठेवून त्या जनावरासाठी दार उघडावे लागते.

इंग्रजीत ज्याला ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’ म्हणतात, त्या मनाला आधार देणाऱ्या प्राण्याची ही कथा आहे. वरवर पाहता ती कुत्र्यामांजरांची आहे. पण तिच्या पोटी एक अवघड प्रश्न दडला आहे. माणसाने आपले दुःख कोणापुढे, किती आणि कशाने सिद्ध करावयाचे?

धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोहोचला, तेव्हा कुत्र्याला बाहेर ठेवून आत येण्यास इंद्राने त्याला सांगितले आणि धर्मराजाने ते साफ नाकारले, ही महाभारताच्या अखेरच्या पर्वांतील कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. धर्मराजाने कोणाचा दाखला पुढे केला नव्हता. आपल्या आश्रयास आलेल्याचा त्याग करणे हे पाप होय, एवढेच त्याचे म्हणणे. अमेरिकन न्यायालयांपुढे एवढ्यावर भागले नसते.

तथापि घरमालकाची बाजू समजून घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. कुत्र्याच्या नखांनी लाकडी जमीन खरवडली जाते. मांजराच्या मुताचा वास गालिच्यातून सहजासहजी जात नाही. शेजारचा माणूस रात्रपाळी करून आलेला असेल, तर भुंकण्याने त्याची झोप मोडते. आणि कुत्रा कोणाला चावलाच, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकालाही ओढले जाते. जी जागा आपल्या मालकीची, ती कोणाला व कोणत्या अटींवर द्यावयाची हे आपण ठरविणार, हे इंग्रजी परंपरेतील जुने तत्त्व अमेरिकेने उचलले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या तत्त्वाला फारसा कोणी हात लावला नव्हता. मालक निग्रो कुटुंबाला जागा नाकारी, ज्यू कुटुंबाला नाकारी, तसाच कुत्रा पाळणाऱ्यालाही नाकारी. आणि या तिन्ही नकारांच्या मागे एकच आधार असे : घर माझे आहे.

या तत्त्वाला पहिली चीर पाडली ती एका आंधळ्या तरुणाच्या कुत्रीने. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी राहणाऱ्या मॉरिस फ्रँक याने १९२७ च्या अखेरीस एक लेख वाचून घेतला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री कशी तयार केली जातात, याचे वर्णन डॉरोथी युस्टिस या बाईंनी त्यात केले होते. फ्रँकने त्यांना पत्र लिहिले, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला, आणि ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परत आला. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यावरून वृत्तपत्रांच्या बातमीदारांसमक्ष बडीने त्याला सुखरूप पलीकडे नेले. १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. पण रस्ता ओलांडणे सोपे होते. दारे ओलांडणे अवघड होते. हॉटेलवाले कुत्रीला आत घेत नसत, आगगाडीत तिला सामानाच्या डब्यात ठेवावयास सांगत. या प्रत्येक दाराशी फ्रँक आणि त्याच्यासारखे इतर वर्षानुवर्षे झगडत राहिले, आणि राज्याराज्यांतून आंधळ्याच्या कुत्र्याला मज्जाव करता येणार नाही, असे कायदे होत गेले.

या विजयाने एक मापही ठरवून टाकले. कुत्र्याला आत घ्यावयाचे ते त्याने कसब शिकलेले असते म्हणून. तो आंधळ्याचे डोळे होतो म्हणून. ज्याला काही काम येत नाही, तो नुसता लाडका प्राणी. हे माप पुढे पन्नास वर्षे टिकले, आणि मनाच्या आजाराने गांजलेल्या माणसाला त्याच मापाने मोजले जाऊ लागले, तेव्हा त्याच्या पदरी काहीच पडेना. कारण त्याचे मांजर काय काम करीत होते? ते मांडीवर बसत होते.

मांडीवर बसणे हेही एक औषध असू शकते, ही कल्पना मात्र नवी नव्हती. इंग्लंडात यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीयाने १७९६ साली मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयस्थान उघडले. वेड लागलेल्यांना साखळदंडाने जखडून ठेवण्याचा तो काळ. ट्यूकने साखळदंड टाकून दिले आणि अंगणांतून ससे व कोंबड्या आणून सोडल्या. दुबळ्या जिवाची काळजी घेता घेता माणूस स्वतःवर ताबा मिळवितो, अशी त्याची धारणा होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीही शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो, असे नमूद करून ठेवले आहे. पण या साऱ्याला शास्त्राची भाषा मिळाली ती १९६० नंतर. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, स्वतःत मिटून गेलेला मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच आला. लेव्हिन्सनांचा ‘जिंगल्स’ नावाचा कुत्रा तेव्हा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला, आणि जो मुलगा कोणाला जवळ येऊ देत नसे, त्याने कुत्र्याला कुशीत घेतले. लेव्हिन्सनांनी १९६१ साली हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला, तेव्हा काहींनी त्याची थट्टा केली म्हणतात. १९६२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी कुत्र्याला चिकित्सकाचा सहकारी म्हटले होते.

१९८० साली आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला आणि तो फार गाजला. हृदयविकाराने रुग्णालयात आलेल्या ९२ रुग्णांची वर्षभर पाहणी केली होती. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी वर्षात तिघे दगावले; ज्यांच्या घरी नव्हता अशा ३९ जणांपैकी अकरा. एवढ्याशा संख्येवरून मोठा सिद्धांत उभारणे धाडसाचे आहे, आणि पुढच्या पाहण्यांनी दर वेळी तोच निर्वाळा दिला असेही नाही. पण हे आकडे वकिलांच्या हाती पडण्यास मात्र वेळ लागला नाही.

आता कायद्याकडे वळावयाचे. अमेरिकेतील घरांचा कायदा ज्या मुहूर्तावर जन्मला, तो रक्ताने माखलेला होता. भाड्याने वा विकत घर देताना वर्णभेद करू नये, असे विधेयक काँग्रेसपुढे होते, आणि त्याला कडवा विरोध होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरे पेटली, आणि अवघ्या सात दिवसांनी, ११ एप्रिलला, अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश या कारणांवरून घर नाकारणे बेकायदा झाले. ‘घर माझे आहे’ हे उत्तर यापुढे पुरेसे राहिले नाही. त्यातही एक पळवाट ठेवलेली होती. मालक स्वतः ज्या इमारतीत राहतो आणि जिच्यात चारांपेक्षा अधिक बिऱ्हाडे नाहीत, तिला कायद्यातील बहुतेक बंधने लागू नाहीत. वादविवादात कोण्या एका काल्पनिक विधवेचे, मर्फीबाईंचे, उदाहरण वारंवार दिले जाई. चार खोल्या भाड्याने देऊन पोट भरणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत सरकारने जाऊ नये, असा युक्तिवाद. मर्फीबाई कधी जन्मल्याच नाहीत, पण त्यांच्या नावाची सवलत अद्याप जिवंत आहे.

अपंगांचे नाव या कायद्यात नव्हते. ते येण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. १९७३ साली पुनर्वसनाचा कायदा झाला, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगाला केवळ अपंगत्वामुळे वगळू नये, असे त्याच्या ५०४ व्या कलमात आले. कलम छापले गेले, पण त्याचे नियम चार वर्षे निघेनात. शेवटी १९७७ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्र सरकारच्या कचेरीत शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष जाऊन बसले. चाकांच्या खुर्च्यांवरची माणसे, आंधळी माणसे, बहिरी माणसे. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती तेथून हलली नाहीत, आणि २८ एप्रिलला नियमांवर सही झाल्यावरच त्यांनी ठाणे सोडले. घरांच्या मूळ कायद्यात अपंगांचा समावेश १९८८ च्या दुरुस्तीने झाला. त्या दुरुस्तीतील मर्माचा शब्द असा : अपंग माणसाला आपल्या घराचा इतरांसारखाच उपभोग घेता यावा, यासाठी नियमांत ‘वाजवी सोय’ करून देण्यास नकार देणे, हाच भेदभाव समजला जाईल. पुढे जे नियम निघाले, त्यांत उदाहरण म्हणून आंधळा भाडेकरू आणि त्याचा वाटाड्या कुत्रा हेच घेतले होते. मॉरिस फ्रँकची बडी अशी कायद्याच्या पुस्तकात शिरली. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाजवी सोयीची कल्पना आली आहे. आधार-प्राण्याचा स्वतंत्र वर्ग मात्र आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडील सोसायट्यांतील कुत्र्यांचे तंटे वेगळ्या मार्गाने सुटतात. केंद्रीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून, बहुमतानेही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे कळविले होते.

अमेरिकेत नियमांनी आंधळ्याची सोय सांगितली. मनाने आजारी माणसाचे काय, हे न्यायालयांवर सोपविले गेले. याची सुरुवात १९८८ च्याही आधीची. जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात सरकारी वसाहतीत राहणारी एक स्त्री मनोविकाराने पीडित होती, आणि तिचा सारा जीव तिच्या कुत्र्यात गुंतलेला होता. करारनाम्यावर तिने सही केलेली होती, आणि त्यात प्राणी न ठेवण्याची अट स्पष्ट होती. खालच्या न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. १९८१ साली अपील न्यायालयाने तो फिरविला. अट आहे हे खरे. पण या एका भाडेकरूपुरती ती शिथिल केल्याने वसाहतीचे असे काय बिघडते, याची चौकशी झाली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. सहीपेक्षा गरज मोठी असू शकते, हे येथे प्रथम मान्य झाले. १९८९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका मनोरुग्ण स्त्रीचे मांजर याच न्यायाने तिच्याजवळ राहिले. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील न्यायाधीशांनी मात्र सावध पवित्रा घेतला. मांजरामुळे रुग्णाला बरे वाटते एवढे डॉक्टरांनी म्हणून भागणार नाही. घरात राहणे शक्य व्हावे यासाठी मांजराची आवश्यकता आहे की नाही, हे दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे ऐकूनच ठरेल, असे त्यांनी सांगितले. बरे वाटणे आणि आवश्यक असणे, या दोहोंतील हे अंतर पुढच्या प्रत्येक खटल्यात कोणाला ना कोणाला आडवे आले आहे.

आणि जुने माप, कसबाचे माप, तेही सहजासहजी हटले नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे दोन बहिऱ्या भाडेकरू स्त्रियांच्या कुत्र्यावरून खटला झाला. कुत्रा खरोखर शिकविलेला नाही, अशी मालकाची तक्रार होती. १९९५ साली अपील न्यायालयाने सांगितले की, शाळेचा दाखला असलाच पाहिजे असे नाही. परंतु बहिरेपणाच्या अडचणीत तो मदत करतो की नाही, हे पाहिले पाहिजे. २००० साली उत्तर कॅलिफोर्नियातील एका न्यायालयापुढे दोन पक्षी व दोन मांजरे यांचा प्रश्न आला, तेव्हा केवळ शिकविलेल्या जनावरांनाच सवलत मिळते, हा मालकांचा युक्तिवाद त्या न्यायालयाने मान्य केला नाही. उलट २००३ साली हवाई येथील न्यायालयाने, कुत्र्याला खास शिक्षण नाही, या मुद्द्यावर रहिवाशाचा दावा फेटाळला. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एका गावी मांजर चालते आणि दुसऱ्या गावी कुत्रा चालत नाही, अशी ही अवस्था.

या घोळात २००४ सालचा कॅलिफोर्नियातील एक निवाडा विशेष वाचनीय आहे. ऑबर्न गावी सामायिक वसाहतीत राहणारे पतिपत्नी दोघेही विषण्णतेच्या विकाराने खचलेले होते. त्यांनी एक लहानसा टेरियर कुत्रा आणला. या कुत्र्याला काहीही येत नव्हते. तो दारावरची घंटा ऐकून सांगत नव्हता, औषधाची वेळ सुचवीत नव्हता. पण तो घरात आल्यापासून त्या दोघांची झोप, त्यांचे लक्ष, त्यांचे एकमेकांशी वागणे यांत सुधारणा झाली. वसाहतीत कुत्र्यांना बंदी होती. त्याला घालवून द्यावे लागले, आणि दोघांची प्रकृती पुन्हा ढासळली. राज्याच्या आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, खालच्या न्यायालयाने तो रद्द केला, आणि अपील न्यायालयाने पुन्हा उभा केला. कुत्र्याचे कुत्रेपण, माणसाशी मैत्री करण्याचा त्याचा मूळ स्वभाव, हाच येथे उपचार होता, असा त्या निवाड्याचा आशय आहे. म्हणजे कुत्रा काय करतो हा प्रश्न मागे पडला, आणि तो माणसाचा कोण आहे हा प्रश्न पुढे आला. पंचाहत्तर वर्षांत, बडीपासून या टेरियरपर्यंत, कायद्याने एवढीच मजल मारली. पण ती लहान म्हणता येणार नाही. २००९ साली ओहायोतील न्यायालयाने, मनाच्या आधारासाठी ठेवलेल्या प्राण्याला शिक्षणाची आवश्यकता नाही असे ठरविले, आणि २०१३ साली केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने तोच अर्थ परिपत्रकाने जाहीर केला. दुकाने व उपाहारगृहे यांचा कायदा निराळा. तेथे आजही शिकविलेला कुत्राच लागतो. आधार-प्राण्याला मान आहे तो घरात.

मग व्यवहार कसा चालतो? मालकाने दोनच गोष्टी विचारावयाच्या : भाडेकरूला अपंगत्व आहे काय, आणि त्या अपंगत्वामुळे या प्राण्याची गरज आहे काय. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नसतील, तर विश्वासू माणसाचे पत्र मागता येते. रुग्णाचे सारे कागद मागता येत नाहीत. प्राणी पाळणाऱ्यांकडून जी जादा अनामत वा दरमहाची जादा रक्कम घेण्याची रीत आहे, ती या भाडेकरूकडून घेता येत नाही. मात्र कुत्र्याने दार कुरतडले, तर दाराची किंमत त्याच्याकडून वसूल करता येते. प्राणी खरोखर धोक्याचा असेल, तर नकारही देता येतो. हे सारे न्याय्य आहे असेच कोणीही म्हणेल.

तथापि येथे एका निराळ्या कायद्याची आठवण करणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क शहराने १९८३ साली प्राण्यांविषयी एक स्थानिक कायदा केला, आणि तो वेगळ्याच अनुभवातून निघाला होता. भाडेकरूकडे कुत्रे आहे हे मालकाला दीर्घकाळ माहीत असे. तो काही बोलत नसे. पुढे जागेला भाव आला, जुना भाडेकरू नकोसा झाला, की त्याला करारनाम्यातील ती अट एकाएकी आठवे आणि बेदखलीची नोटीस निघे. कुत्र्याचा उपद्रव हे निमित्त, कारण दुसरेच. म्हणून शहराने ठरविले की, भाडेकरूने उघडपणे प्राणी ठेवला, मालकाला वा त्याच्या माणसांना ते ठाऊक झाले, आणि तीन महिन्यांत त्याने दावा लावला नाही, तर ती अट त्याने सोडून दिली असे समजावे. या कायद्यात आजाराचा शब्द नाही. कोणी आपली विषण्णता कागदावर उतरवून द्यावयाची नाही. प्रश्न फक्त एवढाच, की मालकाने वेळेवर हरकत घेतली होती काय?

दोन्ही कायदे कुत्र्याला घरात ठेवतात, पण भाडेकरूची मान एकात ताठ राहते आणि दुसऱ्यात ती थोडी झुकते. वाजवी सोयीच्या वाटेने जाणाऱ्याला, ज्याच्याशी आपला संबंध भाड्यापुरता आहे अशा परक्या माणसापुढे, आपले मन दुबळे आहे हे कबूल करावे लागते. आणि जो आजारी नाही, केवळ एकटा आहे, त्याला तर या वाटेने जाताच येत नाही. याचे उदाहरण १९९४ सालचे आहे. कॅलिफोर्नियात ५३० सदनिकांच्या एका वसाहतीत एका स्त्रीने आपल्या स्वतःच्या मालकीच्या सदनिकेत तीन मांजरे ठेवली होती. ती मांजरे कधी घराबाहेर पडत नसत आणि कोणाला त्यांचा त्रास नाही, असे तिचे म्हणणे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध कौल दिला; वसाहतीचा नियम सर्वांना सारखा. आजारी स्त्रीला भाड्याच्या खोलीत एक मांजर मिळते आणि धडधाकट स्त्रीला स्वतःच्या घरात मिळत नाही, हे पाहून लोक चकित झाले असल्यास नवल नाही. पुढे २००० साली राज्याच्या विधिमंडळाने अशा वसाहतींत निदान एक तरी प्राणी ठेवू द्यावा असा कायदा केला. पण तो भाडेकरूंसाठी नव्हता.

जेथे दार फक्त कागदाने उघडते, तेथे कागदाचा बाजार भरतो. हे कोणत्याही देशात व्हावयाचेच. २०१० नंतरच्या वर्षांत, संगणकावर चार प्रश्नांची उत्तरे देऊन आणि काही डॉलर भरून, न पाहिलेल्या डॉक्टरांची पत्रे घरपोच मिळू लागली. कुत्र्यासाठी नोंदणीचे प्रमाणपत्र, गळ्यात अडकविण्याचे ओळखपत्र, पाठीवर घालण्याचे रंगीत जाकीटही मिळे. यांतील नोंदणी व जाकीट यांना कायद्यात काडीचाही आधार नाही. सरकारने असे नोंदणीपुस्तक कधी उघडलेच नव्हते. तरी ते विकले गेले. विमानांतून तर बदके, डुकरे यांच्यापर्यंत मजल गेली. २०१८ च्या जानेवारीत नेवार्कच्या विमानतळावर एका प्रवासी स्त्रीने आधारासाठी म्हणून मोर आणला, आणि विमान कंपनीने त्याला घेण्याचे नाकारले, तेव्हा साऱ्या जगाने हसून घेतले. २०२० च्या डिसेंबरात वाहतूक खात्याने नियम बदलला, आणि पुढील जानेवारीपासून विमानात आधार-प्राण्यांची सवलत बंद करण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली.

घराचा कायदा असा मोडला नाही, परंतु तोही आवळला गेला. २०२० च्या जानेवारीत गृहनिर्माण खात्याने नवे परिपत्रक काढून, पैसे भरून मिळविलेले संगणकी दाखले एवढ्यानेच गरज सिद्ध होत नाही, असे बजावले. कुत्री, मांजरे, लहान पक्षी, ससे, मासे, कासवे हे घरगुती प्राणी वेगळे, आणि माकडे वा कांगारू मागणाऱ्यांवर पुराव्याचा भार अधिक, असाही भेद त्यात केला होता. त्याच वर्षी फ्लॉरिडाने खोटा दाखला देणे हा गुन्हा ठरविला. मालकांच्या संघटना याचे स्वागत करीत होत्या, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. पण खोट्यांनी केलेल्या कर्जाचे व्याज नेहमी खऱ्यांना भरावे लागते. ज्याचे पत्र प्रामाणिक आहे, त्याच्याकडेही आता मालक संशयाने पाहू लागला. आणि मनाचा आजार म्हणजे ढोंग, हा जो जुना समज पुसून काढण्यात दोनशे वर्षे खर्ची पडली होती, त्याला जणू नवे खतपाणी मिळाले.

कॅलिफोर्नियाने २०२१ साली आणखी एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देणाऱ्या तज्ज्ञाकडे वैध परवाना हवा, परवान्याचा तपशील पत्रात लिहिलेला हवा, रुग्णाची तपासणी केलेली हवी, आणि पत्र देण्यापूर्वी त्या रुग्णाशी निदान ३० दिवसांचा संबंध असला पाहिजे, अशा त्याच्या अटी आहेत. हेतू उघड आहे. घटकाभरात पत्रे विकणाऱ्यांना आळा बसावा. परंतु नोकरीसाठी नव्या शहरी आलेल्या, घरच्यांपासून तुटलेल्या, आधीच खचलेल्या माणसाची कल्पना करावी. त्याचा जुना डॉक्टर दुसऱ्या राज्यात राहिला. नव्या डॉक्टरची भेट मिळण्यास दिवस जातात. भेट मिळाल्यावर तीस दिवसांची मोजणी सुरू होते. रिकामी खोली दाखविणारा मालक तेवढे थांबत नाही. त्याच्या दारात दुसरे गिऱ्हाईक उभे असते. तेव्हा तो भाडेकरू पूर्वीच्याच तीन वाटांकडे पुन्हा वळतो. करारनाम्यातील ते लहानसे वाक्य वाचून तो सही करतो, आणि महिना पुरा होईपर्यंत कुत्रे कोणाकडे ठेवता येईल, याची चौकशी करू लागतो.